अझेलियावरचा केवडा: अटलांटातील एका अंगणातल्या सात झुडपांचे प्रकरण

अटलांटाच्या उत्तरेकडील एका उपनगरात आम्ही ऑक्टोबर २०१८ मध्ये घर घेतले, तेव्हा पुढच्या भिंतीलगत अझेलियाची सात सदाहरित झुडपे लावलेली होती. एप्रिल २०१९ मध्ये ती अशी फुलली की फुलांखाली पान दिसत नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये त्याच सात झुडपांवर मिळून अकरा फुले आली, पाने पिवळी आणि करडी पडली आणि एक झुडूप वाळण्याच्या मार्गाला लागले. मधल्या दोन वर्षांत झाडांची हेळसांड झाली होती असे नाही. खत, पाणी, छाटणी, आच्छादन सारे काही वेळच्या वेळी होत होते. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते ते त्याचसाठी, कारण काळजी म्हणून आम्ही जे जे केले त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट या झाडाच्या प्रकृतीच्या उलट होती, आणि याच गोष्टी मी नंतर इथल्या आणखी काही मराठी घरांच्या अंगणांत होताना पाहिल्या आहेत.

अटलांटा ज्यात येते त्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अझेलिया हे घराघरातले झाड आहे. येथील रानात वाढणाऱ्या, हिवाळ्यात पाने गाळणाऱ्या देशी अझेलियाला १९७९ मध्ये राज्याचे रानफूल म्हणून मान्यता मिळाली. ऑगस्टा येथील प्रसिद्ध गोल्फ मैदान ज्या जागेवर उभे आहे, तेथे पूर्वी बर्कमन्स कुटुंबाची फ्रूटलँड ही रोपवाटिका होती, आणि त्या मैदानावरील तेराव्या होलचे नावच ‘अझेलिया’ आहे. घरांपुढे दिसणारी सदाहरित अझेलिया मात्र मूळची जपान व चीनकडची. दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटनजवळच्या मॅग्नोलिया या मळ्यात १८४० च्या दशकात ती उघड्यावर लावली गेली, आणि तेथपासून ती अमेरिकेच्या साऱ्या दक्षिण भागात पसरली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अझेलिया ऱ्होडोडेंड्रॉन याच प्रजातीत मोडते, म्हणजे हिमालयातल्या बुरांशची ही धाकटी बहीण. फुलात डोकावून पाहिले तर अझेलियात बहुधा पाच पुंकेसर असतात, तर ज्यांना बागकामात ऱ्होडोडेंड्रॉन म्हणतात त्यांत दहा किंवा अधिक. दोघींच्या मुळांचा स्वभाव मात्र एकच आहे, आणि या प्रकरणाचा उलगडा त्या स्वभावातच आहे.

आमच्या सातांपैकी चार झुडपे ‘फॉर्मोसा’ या जातीची होती, ही ओळख एका फांदीला राहून गेलेल्या रोपवाटिकेच्या पट्टीवरून पटली. ‘फॉर्मोसा’ ही दक्षिणी इंडिका गटातील, मोठ्या जांभळट गुलाबी फुलांची जात असून मोकळी सोडली तर ती माणसाच्या उंचीच्या वर जाते. आमच्याकडे ती जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर असलेल्या खिडक्यांखाली लावलेली होती. पायऱ्यांजवळची उरलेली तीन झुडपे ‘कोरल बेल्स’ची, म्हणजे कुरुमे गटातील बुटकी आणि कोवळ्या गुलाबी फुलांची. घर पश्चिमाभिमुख असल्याने दुपारी बारानंतरचे ऊन विटांच्या भिंतीवर आदळून झाडांवर परतत असे. एका बाजूला गाडी उभी करण्याची काँक्रीटची वाट, मागे विटांची भिंत आणि पुढे हिरवळ, अशी ती पट्टी होती.

लक्षणे दोन प्रकारची होती आणि आम्ही ती एकच समजलो, यात पहिले वर्ष गेले. भिंतीकडील फांद्यांची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडली होती, परंतु त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या होत्या, जणू पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने पान रेखाटावे. याउलट हिरवळीकडील, म्हणजे उन्हाच्या बाजूची जुनी पाने पिवळी नव्हती, तर त्यांवर सुईच्या टोकाएवढे असंख्य पांढुरके ठिपके पडून सगळे पान राखाडी दिसत होते. झाड पिवळे पडले म्हणजे भुकेले आहे, या समजुतीने आम्ही मार्च २०२० मध्ये सर्वसाधारण दाणेदार मिश्रखत दिले. फरक पडेना म्हणून मे महिन्यात मॅग्नेशियम सल्फेट घातले आणि उन्हाळाभर रोज संध्याकाळी पाणी दिले. यांपैकी कशानेही पिवळेपणा हटला नाही, आणि रोजच्या पाण्याने तर मोठे नुकसान झाले, ते पुढे येईल.

त्याच वर्षी जानेवारीत माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती आणि महासाथीमुळे विमाने बंद झाल्याने ऑक्टोबरपर्यंत राहिली. ती शेतकरी घरातली, त्यामुळे हात रिकामा ठेवून बसणे तिला माहीत नाही. परसातल्या शेकोटीची राख चाळून ती आठवड्याला मूठ मूठ प्रत्येक झुडपाच्या आळ्यात घाली आणि अंड्याची टरफले कुटून मातीत मिसळी. तिच्या गावच्या काळ्या जमिनीत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे आणि तेथे त्याने कोणाचे नुकसान झालेले दिसत नाही, कारण ती जमीन मुळातच चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असते, तिच्यात मूठभर राखेने काही हलत नाही, आणि तेथील पिकेही त्या जमिनीला सरावलेली असतात. अझेलियाला मात्र आम्लधर्मी माती लागते, सामू, म्हणजे मातीचा पीएच, साधारण साडेचार ते सहा या मर्यादेत. लाकडाची राख मातीत चुन्यासारखेच काम करते, आणि अंड्याचे टरफल म्हणजे तर कॅल्शियम कार्बोनेटच.

गंमत नव्हे, तर मला आजही हृद्य वाटणारी गोष्ट अशी की रोगाचे नावही प्रथम तिनेच सांगितले. एप्रिल २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलवर मी तिला एक फांदी दाखवली. तिने ती मोबाइलच्या अगदी जवळ धरायला लावली, शिरा हिरव्या आहेत ना हे दोनदा विचारले आणि म्हणाली, “अरे, हा तर केवडा पडलाय. आपल्या उसाला चुनखडीच्या रानात पडतो तसा. त्याला लोह मिळत नाही.” ऊस पिकवणाऱ्याला केवडा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात तो दिसला की शेतकरी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणायला जातो. मी तिला म्हणालो की इथली माती लालभडक आहे, लोहाशिवाय ती लाल कशी असेल? तिच्याकडे उत्तर नव्हते, पण प्रश्न बरोबर जागी पोहोचला होता.

मातीत काय निघाले

त्याच आठवड्यात आम्ही काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात माती तपासायला दिली. एकच नमुना द्यायचा आमचा विचार होता. तेथील बाईंनी सुचवले म्हणून तीन ठिकाणांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरली: भिंतीलगतची, हिरवळीच्या कडेची, आणि घराच्या पूर्वेला, मागच्या अंगणात उंच पाइन वृक्षांखालची, जेथे कोणी कधी काही घातले नव्हते. प्रत्येक ठिकाणी वरच्या सहा इंचांतली माती पाच-सहा जागांहून घेऊन बादलीत एकत्र केली होती. अहवालात भिंतीलगतच्या मातीचा सामू ७.१, हिरवळीच्या कडेचा ६.६ आणि पाइनखालचा ५.२ आला. एकाच घराभोवती, पन्नास पावलांच्या आत, एवढा फरक होता.

येथील पिडमाँट प्रदेशाची चिकण लाल माती निसर्गतः आम्लधर्मी असते, म्हणजे पाइनखालचा आकडा हा या भूमीचा खरा आकडा. भिंतीलगत तो चढला कारण विटांच्या दर्जांतील चुना-सिमेंट आणि पायाचे काँक्रीट पावसाबरोबर थोडे थोडे मातीत उतरत राहते, बांधकामाच्या वेळी तेथेच गाडलेला राडारोडा त्यात भर घालतो, आणि त्यावर आमची राख व टरफले. हिरवळीच्या कडेचा सामू वाढण्याचे कारण आणखी साधे होते. गवतासाठी अंगणाची देखभाल करणारी मंडळी दर हिवाळ्यात यंत्राने चुना फेकत आणि तो झुडपांच्या बुंध्यापर्यंत उडत असे. गवताला तो हवा असतो, म्हणून त्यांचे काम त्यांच्या परीने बरोबरच होते.

लाल मातीचे कोडे येथे सुटते. माती लाल दिसते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे, म्हणजे गंजामुळे, आणि सामू जसजसा वाढतो तसतसे हे लोह पाण्यात विरघळेनासे होते. सामू सातच्या आसपास गेला की जमिनीत लोह खंडीभर असूनही मुळांना ते उचलता येत नाही. झाड जुन्या पानांतले लोह काढून नव्या पानांना देऊ शकत नाही, म्हणूनच केवडा नेहमी कोवळ्या शेंड्यावर आधी दिसतो. ज्याला जुनी, खालची पाने आधी पिवळी दिसतील त्याने नत्राच्या कमतरतेकडे किंवा मुळांकडे पाहावे, हिराकसाकडे नव्हे. हा भेद आम्हाला आधी ठाऊक असता तर मिश्रखताचे आणि मॅग्नेशियमचे दोन्ही प्रयोग टळले असते.

खणल्यावर जे दिसले

वाळलेले झुडूप, खिडकीखालचे दुसरे, मी मे महिन्यात उपटले. उपटले म्हणणेही जास्तच होईल, एका हाताने ओढल्यावर ते मुळांसकट वर आले. मुळांच्या गड्डीने रोपवाटिकेच्या काळ्या प्लास्टिक कुंडीचा आकार अडीच वर्षांनंतरही जसाच्या तसा जपला होता, तळाचा वळसाही. एकही मूळ बाहेरच्या लाल मातीत शिरलेले नव्हते. गड्डी जमिनीच्या पातळीपासून चार इंच खोल बसवलेली होती, तिच्यावर माती, मातीवर रंगवलेल्या लाकडी भुश्शाचे आणखी पाच इंच आच्छादन, आणि ते थेट खोडाला टेकवून शंकूसारखे रचलेले. मुळे तपकिरी आणि मऊ होती. चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून आत पांढरा दोरा उरत असे. ही मूळकुज होती.

झाड निघाल्यावर राहिलेल्या खड्ड्यात मी पाणी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले निम्मे पाणी तसेच होते. चिकणमातीत फावड्याने गुळगुळीत खणलेला खड्डा म्हणजे एक घमेलेच. त्यात रोपवाटिकेची भुसभुशीत माती घातली की चहूकडचे पाणी तेथेच येऊन साचते, आणि आम्ही त्यात रोज भर घालत होतो. आपल्याकडे ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर पण हवा खेळती, ती स्थिती अझेलियाला जितकी लागते तितकी फार थोड्या झुडपांना लागत असेल. तिची मुळे केसासारखी बारीक असतात, त्यांवर मूलरोम नसतात, आणि ती मातीच्या वरच्या थरातच पसरतात. खोल पुरले की ती गुदमरतात, वर उघडी पडली की वाळतात, आणि कुदळीने आळे खुरपले की तुटतात. आळे करून दर महिन्याला माती मोकळी करण्याची आपली सवय जास्वंदीला आणि गुलाबाला मानवते, अझेलियाला नाही.

राखाडी ठिपक्यांचा शोध याच दिवशी लागला. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांच्या अंगणातली अझेलिया पन्नास वर्षांची आहे, एक पांढरा कागद मागितला, तो फांदीखाली धरून फांदीवर टिचकी मारली. कागदावर तीन मिलिमीटरभर लांबीचे पाच-सहा किडे पडले. भिंगातून पाहिले तर त्यांचे पंख पारदर्शक, जाळीदार, काचेवर नक्षी कोरावी तसे. पान उलटे केल्यावर खालच्या बाजूस डांबराच्या शिंतोड्यांसारखे चकचकीत काळे ठिपके होते, ती त्यांची विष्ठा. हा जाळीदार पंखांचा ढेकूण, लेस बग, मूळचा जपानचा असून अझेलियाबरोबरच अमेरिकेत आला. तो पानाच्या खालून रस शोषतो आणि वरच्या बाजूस हरितद्रव्य नाहीसे होऊन पांढरे ठिपके उमटतात. हिवाळ्यात त्याची अंडी पानाच्या मधल्या शिरेत रुतून राहतात, मार्चमध्ये फुटतात, आणि येथील हवामानात वर्षाला साधारण चार पिढ्या होतात. उन्हात वाढलेल्या झुडपांवर त्याचा त्रास नेहमीच अधिक असतो, आणि आमची सातही झुडपे दुपारच्या उन्हात होती.

फुले का गेली, याचे कारण मात्र या दोहोंपेक्षा वेगळे होते. अझेलियाची पुढल्या वसंतातली कळी आधीच्या उन्हाळ्यातच, जुलै-ऑगस्टमध्ये, फांदीच्या टोकाला तयार होते आणि हिवाळाभर झाडावर राहते. ‘फॉर्मोसा’ खिडकी झाकू लागली म्हणून देखभाल करणारी मंडळी दर सप्टेंबरअखेर विजेच्या कात्रीने सातही झुडपांचे डोके सपाट करत. त्या एका दुपारी पुढच्या वर्षीची फुले गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत भरली जात होती. २०१९ च्या वसंतात फुले आली ती रोपवाटिकेत आधीच तयार झालेल्या कळ्यांमुळे. २०२१ मध्ये जी अकरा आली ती बुंध्याजवळ, जेथे कात्री पोहोचली नव्हती तेथे होती. मूळ दोष छाटणाऱ्यांचा नव्हता, दोष तीन फुटांच्या खिडकीखाली आठ फुटांची जात लावण्याचा होता. जात चुकली की छाटणी कायमची मागे लागते.

उपाय, आणि ते कोणत्या क्रमाने केले

जागा बदलणे हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता आणि तो आम्ही घाईने घेतला नाही. उन्हाळ्यात काहीही हलवायचे नाही असे ठरवून मे ते सप्टेंबर २०२१ या काळात फक्त चार गोष्टी केल्या: राख, टरफले आणि मिश्रखत बंद केले, आच्छादन खोडापासून दूर ओढून दोन इंचांवर आणले, पाणी रोज न देता बोट मातीत दोन पेरे घालून कोरडे लागले तरच दिले, आणि छाटणीच्या मंडळींना झुडपांना हात लावू नये असे सांगितले. केवड्यावर तात्पुरता उतारा म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल असे रसायनात बांधून ठेवलेले लोह, मातीतून दिले. चिलेटेड लोहाच्या प्रकारांत ईडीडीएचए हा वाढलेल्या सामूतही टिकतो, तर स्वस्तातला ईडीटीए सामू साडेसहाच्या वर गेला की फार काळ काम देत नाही, म्हणून पाकिटावरची अक्षरे वाचून घ्यावीत. आईच्या सांगण्यावरून एकदा हिराकसाची फवारणीही केली. तिने शेंडे दहा-बारा दिवसांत हिरवे झाले, परंतु काँक्रीटवर उडालेल्या थेंबांचे तांबूस डाग पडले ते आजही आहेत. ज्यांच्याकडे शहाबादी किंवा पांढरी फरशी आहे त्यांनी फवारणीआधी ती झाकावी.

ऑक्टोबरमध्ये उरलेली तिन्ही ‘फॉर्मोसा’ पाइनखाली हलवली. मुळे उथळ असल्याने मोठे अझेलियाही बिनबोभाट हलवता येते, त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. नव्या जागी खड्डा खणला नाही. जमीन फक्त वरवर मोकळी करून तिच्यावर पाइनच्या सालीचा बारीक चुरा आणि तेथलीच माती यांचा आठ-दहा इंच उंचीचा वरंबा केला. गड्डीच्या कडेची गोल फिरलेली मुळे धारदार चाकूने उभी चिरली, तळाची चटई कापून टाकली, जुनी माती पाइपच्या पाण्याने अर्धी धुतली आणि गड्डीचा माथा वरंब्याच्या पातळीच्या इंचभर वर राहील अशी बसवली. वरून तीन इंच पाइनच्या सुया पसरल्या, खोडाभोवती तळहाताएवढी जागा मोकळी ठेवून. वाळलेल्या सुया सामू खाली आणतात असा लोकांचा समज आहे, पण त्या तो फारसा खाली आणत नाहीत. त्यांचा खरा उपयोग असा की त्या दाबून बसत नाहीत आणि मुळांना हवा मिळत राहते.

पायऱ्यांजवळची ‘कोरल बेल्स’ जागेवरच ठेवून तिथल्या मातीला गंधक दिले, १०० चौरस फुटांना एक पौंड या हिशेबाने, एकदा ऑक्टोबरात आणि पुन्हा मार्चमध्ये. गंधक स्वतः काही करत नाही. मातीतील जीवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात, ते उबदार मातीतच आणि काही महिन्यांनी. घाईने दुप्पट मात्रा दिली तर मुळे जळतात. ॲल्युमिनियम सल्फेट लवकर गुण देते, पण अझेलियाच्या मुळांना वारंवार दिलेले ॲल्युमिनियम सोसत नाही, म्हणून ते आम्ही टाळले. तेथील सामू २०२२ च्या शरदात ६.३ आणि एक वर्षाने ५.९ आला.

लेस बगसाठी मुळांतून शोषले जाणारे कीटकनाशक दुकानात सहज मिळते आणि ते प्रभावीही आहे. आम्ही ते वापरले नाही, कारण ते फुलांतील मकरंदातही उतरू शकते आणि एप्रिलमध्ये या फुलांवर भुंग्यांची रीघ असते. मार्चअखेरीपासून दर तीन-चार दिवसांनी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारला. या वेळी पिल्ले बिनपंखांची असतात, खाली पडली की बहुतेक परत वर चढत नाहीत. मेमध्ये दोन वेळा, दहा दिवसांच्या अंतराने, बागकामाचे हलके तेल संध्याकाळी फवारले, तेही पाने उलटी करून, कारण वरून मारलेले तेल किड्यापर्यंत पोहोचतच नाही. ठिपके पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे नव्या पालवीवरून ठरवावे लागते. पाइनखालच्या विरळ सावलीत गेलेल्या झुडपांवर पुढे फवारा मारण्याची गरजच राहिली नाही.

छाटणी आता फुले ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांत, हाताच्या सिकेटरने होते. येथे लोक चार जुलैपर्यंतची मुदत सांगतात, मला मे संपण्याआधी हात आवरणे अधिक सुरक्षित वाटते. डोके सपाट करायचे नाही. सर्वांत लांब फांदी शोधून तिच्यामागे आत हात घालायचा आणि ती फाट्याशी कापायची, म्हणजे कापल्याची जागा पानांत लपते आणि झुडपात उजेड शिरतो. जुनी, जाड झालेली खोडे दर वर्षी एक तृतीयांश याप्रमाणे बुंध्यापासून काढली तर तीन वर्षांत झुडूप नवे होते.

२०२२ मध्ये फुले थोडीच आली, ती अपेक्षा होतीच. मग त्या वर्षीच्या नाताळात अटलांटात काही तासांत पारा कोसळून शून्याखाली दहा अंश सेल्सिअसच्याही खाली गेला, आणि ऊबदार शरदामुळे पुरेशी काटक न झालेली ‘फॉर्मोसा’ त्यात सापडली. फेब्रुवारीत दोन झुडपांच्या बुंध्याजवळ साल उभी फाटलेली दिसली. अशा फांद्या वसंतात पालवी धरतात आणि जूनच्या उन्हात एकाएकी वाळतात, म्हणून शेजारच्या गृहस्थांच्या सल्ल्याने फाटलेल्या जागेच्या खाली कापून टाकल्या. जिवावर आले होते, पण पावसाळी हवेत त्याच बुंध्यातून सात-आठ फुटवे आले. एप्रिल २०२४ मध्ये तिन्ही ‘फॉर्मोसा’ पूर्ण बहरल्या.

साताऱ्याहून आणि पुण्याहून नातेवाईक फोटो पाहून रोपे कशी न्यावीत असे विचारतात. रोप विमानातून नेणे हा भाग सोडला, तरी पुण्याच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात आमच्या भिंतीलगतचीच गोष्ट पुन्हा घडेल, आणि एप्रिल-मेच्या झळा वेगळ्याच. तेथे ज्याला हौस आहे त्याने कुंडीत, कोकोपीट व सालीच्या चुऱ्यात, साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर आणि सकाळचेच ऊन मिळेल अशा जागी एखादे रोप करून पाहावे. कळ्या नीट उमलण्यासाठी काही आठवडे थंडी लागते, त्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीची थंडी आणि जांभ्याची आम्लधर्मी माती तिला पुण्यापेक्षा अधिक मानवेल. लहान मुले किंवा पाळीव जनावरे घरात असतील तर कण्हेरीइतकीच सावधगिरी हवी, कारण हिच्या पानाफुलांत ग्रेयानोटॉक्सिन हे विष असते. आई आमच्याकडे देवाला ही फुले वाहते, पण आता प्रसादाचे ताट वेगळे ठेवते.

पायऱ्यांजवळच्या तीन ‘कोरल बेल्स’पैकी दोन हिरव्या झाल्या. तिसरी, जी भिंतीच्या अगदी कोपऱ्यात होती, ती प्रत्येक पावसानंतर पुन्हा पिवळी पडत राहिली. पाया चुना सोडत राहणार आणि आम्ही गंधक घालत राहणार, या झगड्याला अर्थ नाही असे ठरवून २०२३ च्या नोव्हेंबरात ती काढून पाइनखाली लावली आणि त्या कोपऱ्यात चुन्याला न बिचकणारे बॉक्सवुड लावले. कळ्या धरण्याच्या दिवसांत, म्हणजे जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, आठवड्याला इंचभर पाऊस झाला नाही तरच पाणी देतो. माती दर दोन वर्षांनी तपासायला जाते. शेकोटीची राख चाळणे आईने सोडलेले नाही, ती आली की राख आता परसातल्या अंजिराला जाते.